मदत हवी आहे: वर्डप्रेस थीममध्ये मायक्रोफॉरमॅट्स लावले, पण पार्सर भलतंच वाचतोय

ग्रंथपाल२

नमस्कार मंडळी. एका सार्वजनिक वाचनालयाच्या मराठी साइटसाठी वर्डप्रेसची थीम हाताने लिहिली आहे, शैलीसाठी टेलविंड (तयार सीएसएस क्लासचा संच) वापरलंय. पानावरची माहिती प्रोग्रॅमलाही कळावी म्हणून एचटीएमएलमध्ये ठरावीक नावांचे क्लास, म्हणजे मायक्रोफॉरमॅट्स, लावलेत. बातम्यांना एच-एंट्री (लेखासाठी), व्याख्यानमालेच्या पानांना एच-इव्हेंट (कार्यक्रमासाठी) आणि फूटरमध्ये वाचनालयाचं एच-कार्ड (नाव-पत्त्यासाठी), असा बेत आहे. (क्लासची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. कोडमध्ये ती रोमन लहान अक्षरांतच आहेत.) ब्राउझरमध्ये पान व्यवस्थित दिसतं, पण मायक्रोफॉरमॅट्स डॉट आयओवरच्या पार्सरला (हे क्लास वाचून माहिती काढणाऱ्या प्रोग्रॅमला) पत्ता दिला की हे निघतं:

१. प्रत्येक बातमीच्या दोन एच-एंट्री येतात. बाहेरचीत फक्त शीर्षक. मजकूर, तारीख, लेखक असलेली खरी एंट्री तिच्या 'चिल्ड्रन'मध्ये जाऊन बसते.

२. व्याख्यानाची डीटी-स्टार्ट (सुरुवातीची वेळ) देवनागरी अंकांत येते, शेवटी शून्य टाइमझोन. कार्यक्रम १४ नोव्हेंबरला सायंकाळी ६ चा आहे. सेटिंग्जमध्ये टाइमझोन कोलकाता केला तर तीच वेळ रात्री ११:३० झाली!

३. एच-कार्डमध्ये ना नाव, ना पत्ता. आत 'एच-फुल' नावाचा एक आयटम दिसतो आणि सगळी माहिती त्याच्यात. हा प्रकार मी लिहिलेलाच नाही.

शिवाय समितीचा प्रश्न आहे की एवढं करून कार्यक्रम गूगलच्या शोधात तारखेसकट दिसणार का. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

कंसातला

१ आणि ३ ही एकाच दुखण्याची दोन रूपं आहेत. पी-, यू-, डीटी- किंवा ई- ने सुरू होणारी प्रॉपर्टी पार्सर कुणाच्या खात्यात टाकतो? वर चढत गेल्यावर जो सगळ्यात जवळचा रूट क्लास (एच- ने सुरू होणारा, नवा आयटम उघडणारा) भेटेल त्याच्या. मधे दुसरा रूट घुसला की खालचं सगळं त्याच्या मालकीचं. पार्सरने दिलेल्या जेसनमध्ये काही गायब वाटलं तर ते बहुधा हरवलेलं नसतं, दुसऱ्याच्या घरात असतं.

आधी बातम्यांचं बघू. तुमच्या आर्टिकल टॅगवर पोस्ट_क्लास हे फंक्शन आहे ना? वर्डप्रेस त्यातून 'एचएंट्री' हा क्लास आपणहून टाकतो. मधे डॅश नाही, नीट बघा. हा जुन्या एचअ‍ॅटमचा रूट आहे. मायक्रोफॉरमॅट्सची दुसरी आवृत्ती २०१० पासून आकाराला आली, पण जुनी पानं वाचता यावीत म्हणून पार्सर आजही एचएंट्री, व्हीकार्ड, व्हीइव्हेंट ओळखतात. म्हणजे बाहेरच्या आर्टिकलची एक एंट्री झाली, एंट्री-टायटल क्लासवरून तिला शीर्षक मिळालं, आणि आतल्या डिववर तुम्ही लावलेली एच-एंट्री तिचं मूल झाली. फीड रीडर किंवा वेबमेन्शन (दुसऱ्या साइटने दुवा दिल्याची सूचना) घेणारी साइट बहुतेकदा पहिली एंट्री उचलते, म्हणजे तुमची रिकामी.

उपाय असा:

– आतल्या डिववरची एच-एंट्री काढा आणि पोस्ट_क्लासलाच जादा क्लास म्हणून 'एच-एंट्री' द्या. एकाच एलिमेंटवर नवा-जुना दोन्ही रूट असले तर पार्सर नवा धरतो, जुना सोडून देतो.

– मात्र तसं झालं की एंट्री-टायटल, एंट्री-कंटेंट यांनाही काही किंमत राहत नाही. शीर्षकाला पी-नेम, मजकुराच्या डिवला ई-कंटेंट, टाइम टॅगला डीटी-पब्लिश्ड, कायमच्या दुव्याला यू-यूआरएल हे सगळं स्वतः लिहावं लागेल. अर्धं नवं, अर्धं जुनं असं चालत नाही.

– एचएंट्री पूर्ण काढायचा असेल तर पोस्ट_क्लास फिल्टरमध्ये अ‍ॅरे_डिफने उडवा. त्याआधी सीएसएसमध्ये त्या नावावर काही टांगलेलं नाही ना, हे शोधून घ्या. 'संबंधित बातम्या'च्या चौकटीतही पोस्ट_क्लास असेल तर तिथूनही उडवाच, नाहीतर प्रत्येक छोटं कार्ड एक एंट्री होऊन बसेल.

– 'शेअर करा'ची बटणं मजकुराच्या फिल्टरमधून येत असतील तर ती ई-कंटेंटच्या आत पडतात आणि समोरच्या साइटवर तुमच्या बातमीच्या शेपटाला तेच शब्द दिसतात. त्यांना बाहेर काढा.

लेखकासाठी एकाच दुव्यावर पी-ऑथर आणि एच-कार्ड दोन्ही लावलेत तरी पुरे. दुव्यातला मजकूर नाव म्हणून आणि एचरेफ यूआरएल म्हणून आपोआप घेतला जातो.

शैलीपत्रक

एच-फुल कुठून आला? टेलविंडमधून. पूर्ण उंचीसाठी तो क्लास आहे. मायक्रोफॉरमॅट्सच्या पार्सरला मात्र 'एच, डॅश, अक्षरं' एवढंच दिसतं, म्हणून तो रूट समजतो. एच-ऑटो आणि एच-स्क्रीनचंही तेच. एच-४, पी-४ सारखे आकडेवाले क्लास नियमात बसत नाहीत, कारण डॅशनंतर शेवटी अक्षरांचा शब्द लागतो. त्यामुळे ते निरुपद्रवी आहेत.

दोन वाटा आहेत. टेलविंडच्या कॉन्फिगमध्ये प्रीफिक्स लावा, म्हणजे सगळेच क्लास टीडब्ल्यूने सुरू होतील. हे स्वच्छ, पण तयार थीममधले सगळे टेम्प्लेट बदलावे लागतात. नाहीतर जिथे मायक्रोफॉरमॅट्स आहेत त्या भागापुरता एच-फुलऐवजी चौकोनी कंसात १०० टक्के देणारा क्लास वापरा. कंस आला की पार्सर त्याला रूट मानत नाही. फूटरपुरती मी ही दुसरी वाट सुचवेन.

आता नावाचं. एच-फुल काढल्यावरही नाव येणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. नाव आपोआप घेण्याची सोय फक्त तेव्हाच चालते जेव्हा कार्डात एकही पी- किंवा ई- प्रॉपर्टी नसते आणि आत दुसरा मायक्रोफॉरमॅटही नसतो. तुम्ही पत्ता आणि फोन देताय, म्हणजे सोय बंद. वाचनालयाच्या नावावर पी-नेम आणि संस्था असल्याने पी-ऑर्ग, दोन्ही एकाच स्पॅनवर लावा. नाव आणि संस्था सारखी असली की ते कार्ड संस्थेचं धरलं जातं. पत्त्याला पी-स्ट्रीट-अ‍ॅड्रेस, पी-लोकॅलिटी, पी-पोस्टल-कोड.

मराठी साइटवर आणखी एक गोष्ट हमखास निसटते. पिनकोड 'पुणे – ४११०३०' असा देवनागरीत छापला की तोच पी-पोस्टल-कोडमध्ये जातो आणि पत्त्याच्या वहीत आयात करणाऱ्या प्रोग्रॅमला तो कळेलच असं नाही. त्यासाठी डेटा नावाचा टॅग आहे. त्याच्या व्हॅल्यूमध्ये इंग्रजी अंक लिहा, आतला मजकूर देवनागरीत ठेवा. पार्सर व्हॅल्यू घेतो, वाचकाला मराठी दिसतं. फोनलाही हेच करा, व्हॅल्यूमध्ये +९१ सकट, अर्थात इंग्रजी अंकांत. दुव्यावर पी-टेल लावलं तर एचरेफ नाही, दिसणारा मजकूरच उचलला जातो, हेही लक्षात असू द्या.

कंसातला

तारखेचा घोळ राहिला. इथे दोन वेगळे दोष एकावर एक बसलेत.

अंक देवनागरीत करायला थीममध्ये डब्ल्यूपी_डेट फिल्टरवर फंक्शन बसवलेलं असणार. ते वाचकाला दिसणाऱ्या तारखेबरोबर डेटटाइम अ‍ॅट्रिब्यूटमधलेही अंक बदलतं. तिथे इंग्रजीच अंक लागतात. फंक्शनमध्ये दुसरं आर्ग्युमेंट म्हणून फॉरमॅट घ्या आणि तो 'सी' (यंत्रासाठीचा प्रमाणित तारीख-वेळ प्रकार) असेल तर काही न बदलता परत पाठवा. अ‍ॅड_फिल्टरच्या चौथ्या आर्ग्युमेंटमध्ये २ लिहायला विसरू नका. मुळात ते १ असतं, मग फॉरमॅट फंक्शनपर्यंत पोचतच नाही.

११:३० चं कारण असं की कार्यक्रमाची वेळ कस्टम फील्डमध्ये साध्या मजकुरात आहे आणि तुम्ही ती पीएचपीच्या स्ट्रटोटाइम फंक्शनने वाचताय. वर्डप्रेस पीएचपीचा टाइमझोन यूटीसी ठेवतो, सेटिंग्जमध्ये काहीही असलं तरी. म्हणून '१८:००' हे यूटीसीचे सहा धरले गेले आणि कोलकात्यासाठी दाखवताना त्यात साडेपाच तास मिळवले गेले. टाइमझोन कोलकाताच राहू द्या. फील्ड वाचताना डेटटाइमइम्युटेबल वापरा, दुसरं आर्ग्युमेंट डब्ल्यूपी_टाइमझोन, आणि त्याच ऑब्जेक्टवर फॉरमॅट 'सी' मागा. ते डब्ल्यूपी_डेटमधून जातच नाही, म्हणून इथे अंकांचाही प्रश्न मिटतो. फिल्टर तरीही दुरुस्त करा, बातम्यांच्या डीटी-पब्लिश्डला तो लागतोच.

एच-इव्हेंटमध्ये किमान पी-नेम, डीटी-स्टार्ट आणि पी-लोकेशन द्या. सभागृहाला पी-लोकेशन आणि एच-कार्ड एकाच एलिमेंटवर लावून आत पत्ता दिलात तर उत्तम. वक्त्याचं नाव पी-समरीत लिहून मोकळे व्हा, त्यासाठी नवीन प्रॉपर्टी शोधत बसू नका.

शैलीपत्रक

समितीला स्पष्ट सांगा: गूगलसाठी हे नाही. २००९ मध्ये रिच स्निपेट्स (शोधनिकालातली जादा माहिती) सुरू झाले तेव्हा गूगल एचकार्ड, एचरिव्ह्यू वाचायचा. २०११ मध्ये गूगल, बिंग आणि याहूने स्कीमा डॉट ऑर्ग (अशा माहितीसाठीची सामाईक शब्दावली) आणलं. आज गूगलच्या मार्गदर्शनात ती लिहायचे जेसन-एलडी, मायक्रोडेटा आणि आरडीएफए एवढेच प्रकार आहेत. व्याख्यानाच्या पानावर स्कीमाचा 'इव्हेंट' जेसन-एलडीत द्या. नाव, सुरुवातीची वेळ, आणि पत्त्यासकट ठिकाण हवंच. दोन्ही एकाच पानावर सुखाने नांदतात. फक्त तारीख एकाच व्हेरिएबलमधून दोन्हीकडे जाऊ द्या, नाहीतर पुढच्या वेळी कार्यक्रम पुढे ढकलला की एकीकडची बदलेल, दुसरीकडची राहील.

मायक्रोफॉरमॅट्सचा उपयोग फीड रीडर, वेबमेन्शन आणि एकमेकांची पानं वाचणाऱ्या छोट्या साइट्सना. वाचनालयाचं मॅस्टोडॉन खातं असेल तर फूटरमधल्या त्या दुव्याच्या रेल अ‍ॅट्रिब्यूटमध्ये 'मी' (हे पान माझंच, अशी खूण) लावा आणि खात्याच्या माहितीत साइटचा पत्ता टाका, दुवा पडताळलेला दिसू लागेल.

ग्रंथपाल२

मनापासून आभार! १ आणि २ सुटले. डीटी-स्टार्टला आता +०५:३० येतंय, अंकही इंग्रजी. फूटरमध्ये एच-फुल बदलला, ब्राउझरमध्ये सोर्स उघडला तर नवा क्लास दिसतो, पण पार्सर अजून जुनंच दाखवतोय. आणखी एक: विषयांच्या दुव्यांना रेल-टॅग आहे, त्यात विषयाऐवजी टक्क्यांच्या चिन्हांची रांग दिसते.

कंसातला

पहिलं कॅशेचं काम. तुम्ही लॉगिन असल्यामुळे तुम्हाला ताजं पान मिळतं, पार्सरला पाहुण्यासाठी साठवलेलं. कॅशे रिकामा करा आणि खाजगी विंडोत सोर्स बघा.

रेल-टॅग दुव्यातला मजकूर बघत नाही, पत्त्याचा शेवटचा तुकडा विषय म्हणून घेतो. देवनागरी स्लग (पत्त्यातलं विषयाचं नाव) पत्त्यात टक्क्यांच्या चिन्हांच्या रूपात जातो. तिथे प्रत्येक अक्षरचिन्हाची ९ चिन्हं होतात, काना-मात्रा वेगळे मोजून. वर्डप्रेसची स्लगची मर्यादा २०० ची, म्हणजे बावीसेक चिन्हांनंतर लांब विषयाचं नाव कापलंच जातं. त्याच दुव्यांवर पी-कॅटेगरी लावा. मग दिसणारं 'बालसाहित्य' जसंच्या तसं येईल, स्लगला हात लावायची गरज नाही.