इंग्रजीच्या नादात कन्नड राहून चाललंय, काय करावं?

मलप्रभाकाठची

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी शाळा, आता बेळगावात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, वनस्पतिशास्त्र घेऊन. वर्गातली बरीच मुलं मराठी नाहीतर कन्नड शाळेतून आलेली. शिकवणं, जर्नल, पेपर, तोंडी परीक्षा, सगळं इंग्रजीत.

मागच्या प्रॅक्टिकलला बटाट्याचा ऑस्मोस्कोप लावला होता. सोललेला बटाटा पोखरून आत साखरेचा पाक, पातळीच्या खुणेला टाचणी, बाहेर साधं पाणी. थोड्या वेळानं पाक टाचणीच्या वर चढला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, का चढला? मला पक्कं माहीत होतं. आत साखर दाट, म्हणून बाहेरचं पाणी पेशींच्या पडद्यातून आत शिरलं. पण इंग्रजीत वाक्य जुळेना, आणि ते पुढच्या टेबलाकडे गेले. शेजारच्या मुलीनं गाईडातली व्याख्या धडाधड म्हटली, ती पास. तिला त्यातलं काय कळलंय हे कुणी विचारलं नाही. मला ते फार लागलं.

तरी मला विचारायचंय ते दुसरंच. माझी जवळची मैत्रीण गोकाककडची, कन्नड शाळेतली. आम्ही दोघी एकमेकींशी मोडक्या इंग्रजीत बोलतो. आजोबा चौथी शिकलेले, पण बैलाचा सौदा असो की सोसायटीचं काम, कन्नड फाडफाड बोलायचे, आणि समोरचे गौडा मराठीत उत्तर द्यायचे. मला शाळेत कन्नड विषय होता, मार्कही बरे पडायचे, पण तोंडातून वाक्य फुटत नाही. मराठीत लिहायची सवयही सुटत चाललीय. इंग्रजी तर पक्कं करायचंच आहे. हे सगळं एकदम कसं जमवायचं?

वडगावचा

ताई, आधी इंग्रजीच बघा. मी उद्यमबागेत फाउंड्रीत आहे. मुलाखत सगळी इंग्रजीत झाली, तिथं अडलो असतो तर आत पाऊलच पडलं नसतं. पण आत आल्यावर मोल्डिंगवाल्यांशी इंग्रजीत कोण बोलतंय? निम्मे बैलहोंगलकडचे, निम्मे आपले. साचा का फुटला हे त्यांच्याकडून काढून घ्यायचं तर कन्नड लागतंच. मी कामावरच शिकलो. चुकलो की पोरं हसायची आणि नीट सांगायचीही. तुम्ही मैत्रिणीशी आजच सुरू करा की, वाट कशाला बघालाय?

निवृत्त मास्तर

बाळ, मी आयुष्यभर पदवीच्या मुलांना इंग्रजीच शिकवलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आमच्या काळी पेपर धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे. २०१० साली बेळगावात राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं, प्रवास वाचला, पण खेड्यातून आलेल्या मुलाची वर्गातली मुकी अवस्था तशीच राहिली. डॉक्टरकीच्या प्रवेशासाठीच्या ‘नीट’ परीक्षेचा पेपर आज मराठीतही मिळतो, कन्नडमध्येही. प्रवेश मिळाला की पुढं बहुतेक सगळं इंग्रजी. दार आपल्या भाषेत उघडायचं आणि आत तिला बसायला जागा द्यायची नाही, हे मला पटत नाही. एप्रिल २०२३ मध्ये यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, विद्यापीठांना कळवलं, की अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असला तरी विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत उत्तरं लिहू द्यावीत. आपल्या जिल्ह्यात ती मुभा कन्नड आणि मराठी, दोन्ही मुलांना मिळायला हवी. मुलांनी मागितल्याशिवाय ती मिळणार नाही.

तोवर एक कर. धडा आधी मराठीत समजून घे. मराठी विश्वकोश नेटवर फुकट आहे, तुझ्या विषयाच्या नोंदी त्यात भरपूर आहेत. मग वही मिटून स्वतःला मोठ्यानं समजाव, आणि त्यावर इंग्रजीत चार वाक्यं स्वतःची लिही. गाईड उघडू नको. वाक्यं ओबडधोबड होऊ देत, ती तुझी असतील तर परीक्षकाच्या दुसऱ्या प्रश्नालाही टिकतील.

आणि कन्नड सोडू नको. द. रा. बेंद्रे घरी मराठी बोलायचे, १९१८ साली पुण्याच्या फर्ग्युसनमधून बी. ए. झाले, सोलापूरच्या कॉलेजात कन्नड शिकवलं आणि कन्नड कवी म्हणून ज्ञानपीठ मिळवलं. इंग्रजी शिक्षणानं त्यांची कुठलीच भाषा हिरावली नाही. दोन शेजाऱ्यांमध्ये तिसऱ्याची भाषा आणून बसवावी लागते, याचंच मला जास्त वाईट वाटतं.

मलप्रभाकाठची

मास्तर, दादा, मनापासून आभार. मैत्रिणीला विचारलं. तिलाही मराठी हवंच आहे, शनिवार खुटावर भाजी घेताना तिची अडचण होते म्हणे. ठरलं असं, की डबा खाताना फक्त कन्नड, कॉलेजातून बसस्टँडपर्यंत फक्त मराठी, इंग्रजी लॅबमध्ये. आज “ऊटा आयता?” (जेवण झालं का?) याच्या पुढं मी फारशी गेले नाही, पण ती सावकाश बोलत राहिली आणि बरंच समजलं.

एक राहिलं. यूजीसीच्या त्या पत्राप्रमाणे मुभा मागायची तर अर्ज प्राचार्यांकडे द्यायचा की थेट विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे? वर्गातली बरीच जणं सही करायला तयार आहेत, कन्नडवालीसुद्धा.