मदत हवी आहे: शुक्रवारपर्यंत सही करायची आहे, परदेशात जाऊ की नको?

रात्रपाळी_आयसीयू
नमस्कार. सात वर्षं आयसीयूत आहे, त्यातली शेवटची तीन शिफ्ट इनचार्ज म्हणून. परदेशातून नोकरीचं पत्र आलंय. एजन्सीवाले म्हणतात शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सही करून पाठवा, नाहीतर जागा दुसरीला जाईल. घरात दोन तट पडलेत. नवरा म्हणतो जा, सासूबाई म्हणतात सहा वर्षांच्या पोरीला कोण बघणार. दहा दिवस झाले, ड्युटीवरून आले तरी झोप लागत नाही. "नीट विचार करून ठरवा" असं कृपया लिहू नका, विचार करूनच डोकं फुटायची वेळ आलीय. ज्या गेल्यात किंवा निघता निघता थांबल्यात त्यांनी सांगा. जाऊ का? आज परत नाइट आहे, त्याआधी उत्तर मिळालं तर बरं.

वाळवंटातली_सिस्टर
ताई, सरळ आखात धरा. मी अकरा वर्षं काढली तिकडे. डेटाफ्लो करून घ्यायचं, म्हणजे तुमची पदवी, नोंदणी आणि अनुभव ते थेट मूळ संस्थेला विचारून तपासतात. मग परवान्यासाठी संगणकावरचा पेपर. सौदीचा वेगळा, दुबईचा वेगळा, अबू धाबीचा वेगळा, पण अभ्यास साधारण तोच. मला इंग्रजीची परीक्षा द्यावी लागली नाही. राहायची सोय हॉस्पिटलची, ने-आण त्यांच्या बसने. भावाचं शिक्षण मी तिथूनच केलं. एक खरं, कितीही वर्षं राहा, शेवटी परतच यायचं असतं. पण तुमची पोरगी इथेच आहे ना, मग परत यायचंच असेल.

दोन_ओळीत
देश कोणता? पद कोणतं? पोस्टमध्ये दोन्ही नाही.

रात्रपाळी_आयसीयू
देश ब्रिटन. गडबडीत लिहायचं राहिलं. पद म्हणजे नर्सच, दुसरं काय असणार. वाळवंटातली_सिस्टर, धन्यवाद, पण आखाताचा विचार नाही. पोरीला पुढे तिकडे न्यायचंय.

थेम्सकाठची
मी २०१९ पासून इथे ब्रिटनमध्ये आहे, मेडिकल वॉर्डवर. आधी एवढं सांगा. इंग्रजीची परीक्षा कोणती दिलीत, आयईएलटीएस की ओईटी? चारही गुण वेगवेगळे लिहा, सरासरी नको. नर्सिंगची सीबीटी परीक्षा झाली का? एनएमसीकडचा, म्हणजे इथल्या नर्सनोंदणी संस्थेकडचा, अर्ज कुठवर आलाय? तुम्हाला घेणारं हॉस्पिटल आहे की केअर होम, म्हणजे वृद्धांना सांभाळणारं निवासी केंद्र?

रात्रपाळी_आयसीयू
आयईएलटीएस, अ‍ॅकॅडमिक. लिसनिंग ७.५, रीडिंग ७, स्पीकिंग ७, रायटिंग ६. सीबीटी दिलेली नाही, एजन्सी म्हणते तिकडे गेल्यावर देता येते. केअर होम आहे. पण माझा मुख्य प्रश्न हा नाहीये, जाऊ की नको हा आहे.

थेम्सकाठची
ताई, रागावू नका, मुख्य प्रश्न हाच आहे. एनएमसीला रायटिंगमध्ये ६.५ लागतात आणि बाकी तिन्हींत ७. तुमचं रायटिंग अर्ध्या गुणाने कमी आहे, म्हणजे आज तुमची नर्स म्हणून नोंदणी होऊ शकत नाही. सीबीटी ही संगणकावरची परीक्षा, ती आपापल्या देशातल्या केंद्रात देऊनच लोक येतात. नर्सच्या व्हिसासाठी ती आधी पास असावी लागते. इथे येऊन द्यायची ती ऑस्की, दहा स्टेशनांची प्रात्यक्षिक परीक्षा. नोकरी सुरू झाल्यापासून १२ आठवड्यांच्या आत पहिला प्रयत्न करायचा, आठ महिन्यांत पास व्हायचं. एका अर्जावर तीनच प्रयत्न. मी पहिल्या वेळी एका स्टेशनला नापास झाले होते, तेव्हाच्या धास्तीने आजही पोटात गोळा येतो.
मग तुमची एजन्सी तुम्हाला नेमकं काय म्हणून नेतेय? पत्रावर पदाचं नाव काय आहे ते जसंच्या तसं लिहा.

बी_टू_झालेली
ब्रिटनच्या मागे कशाला लागता? जर्मनीला या. बहुतेक मालक भाषेचा आणि कागदांचा खर्च स्वतः उचलतात. अर्ज केला की तिथलं कार्यालय तुमचा अभ्यासक्रम त्यांच्याशी ताडून बघतं आणि काय कमी आहे ते लेखी कळवतं. मग एकतर ज्ञानाची परीक्षा द्यायची किंवा हॉस्पिटलात राहून कमी असलेला भाग पूर्ण करायचा. तेवढे महिने सहायक म्हणून पगार मिळतो, नंतर पूर्ण नर्स. सगळं कागदावर स्पष्ट.

थेम्सकाठची
आणि बी-टू पातळीपर्यंत जर्मन कोण शिकणार? नाइट करून, घरी लहान मूल असताना?

बी_टू_झालेली
मी नाइट करूनच शिकले. दीड वर्ष लागलं. इथल्या पहिल्या हँडओव्हरला, म्हणजे पाळी बदलताना रुग्णांची माहिती सोपवतात तेव्हा, मला रुग्णाचं अर्धं बोलणं कळलं नव्हतं आणि मी साठ्याच्या खोलीत जाऊन रडले होते, तेही सांगते. पण आज मी त्याच वॉर्डला विद्यार्थी शिकवते. अर्ध्या गुणासाठी रडत बसण्यापेक्षा एक नवी भाषा हातात येते.

थेम्सकाठची
रडत कुणी बसलेलं नाही. शुक्रवारची मुदत असलेल्या बाईला दीड वर्षाचा रस्ता सांगून काय उपयोग?

पुरुष_परिचारक
दोघींचंही बरोबर आहे, पण एक गोष्ट दोघीही विसरताय. आयसीयूची नर्स म्हणून निघालेल्यांना तिकडे पहिला धक्का कामाचा बसतो. जर्मनीत अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं हे सगळं नर्सच करते, नातेवाईक नसतात. ब्रिटनच्या केअर होमात तर दिवसाचा मोठा भाग तेच. ते काम हलकं आहे असं मी म्हणत नाही, मला त्यात समाधान मिळालं. पण व्हेंटिलेटर, लाइन, इनोट्रोप यांवरचा हात दोन वर्षांत सुटतो आणि पुढे क्रिटिकल केअरला अर्ज करताना "अलीकडचा अनुभव" विचारतात. सात वर्षं आयसीयू केलेल्या बाईने याचा हिशेब धरायला हवा.

वॉर्ड_नंबर_नऊ
सगळे कसं जायचं तेच सांगताय. इथल्या रुग्णांनी काय करायचं? तुमच्या हाताखाली तयार झालेल्या मुली तुमच्याकडे बघतात. शिकलेली नर्स गेली की तिच्या जागी नवशिकी येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय भरतीची आचारसंहिता केली ती यासाठीच.

पुरुष_परिचारक
ती आचारसंहिता देशांना आणि मालकांना उद्देशून आहे. नर्सच्या जाण्याच्या स्वातंत्र्यावर मर्यादा घालायला ती वापरू नये, असं तिच्यातच लिहिलंय. टंचाईच्या देशांतून ओढून नेऊ नका, हे भरती करणाऱ्यांना सांगितलंय.

वॉर्ड_नंबर_नऊ
कागदावर काही असो, रात्री रिकामी खुर्ची मला दिसते. त्याच संघटनेचा २०२५ चा अहवाल सांगतो की जगात ५८ लाख नर्सेस कमी आहेत आणि श्रीमंत देशांतल्या जवळपास दर चार नर्सेसमागे एक बाहेर जन्मलेली आहे. त्या कुठून आल्या? माझ्यासारख्यांच्या वॉर्डांतूनच.

रात्रपाळी_आयसीयू
वॉर्ड_नंबर_नऊ, तुमचा राग कळतो. मीही त्याच खुर्चीवर बसते. परवा रात्री चार व्हेंटिलेटर आणि आम्ही दोघी. एकीला उलट्या होत होत्या तरी ती सक्शन करत होती. मला तिथून पळायचं नाहीये. पण सात वर्षांत माझा करार दर अकरा महिन्यांनी तुटतो आणि पुन्हा जोडला जातो. मी थांबले तर रुग्णांसाठी थांबेन, पण मला कोण थांबवून घेतंय? हे तुम्हाला दुखवायला लिहीत नाही.

वॉर्ड_नंबर_नऊ
नाही दुखावलो. अकरा महिन्यांचं माहीत नव्हतं. जा ताई, पण नीट कागद बघून जा.

बहिणीसाठी_विचारतेय
मध्येच विचारते, माफ करा. माझ्या बहिणीचा डिप्लोमा आहे, डिग्री नाही. ऑस्ट्रेलियाला चालेल का?

दक्षिण_गोलार्ध
ऑस्ट्रेलियात आप्रा नावाची नोंदणी संस्था आहे, तिच्या संकेतस्थळावर आधी सेल्फ-चेक करायला सांगा, डिप्लोमा कुठे बसतो ते तिथेच कळतं. रजिस्टर्ड नर्ससाठी एनक्लेक्स (अमेरिकेतही चालणारी नर्सिंगची परवाना परीक्षा) आणि मग अ‍ॅडलेडला ऑस्की असा रस्ता आहे. शिवाय एप्रिल २०२५ पासून ब्रिटन, आयर्लंड, अमेरिका, सिंगापूर अशा ठरावीक ठिकाणी नोंदणी होऊन किमान १,८०० तास काम केलेल्यांना या परीक्षांशिवाय अर्ज करता येतो. मूळ धागाकर्तीनेही हे लक्षात ठेवावं, ब्रिटन ही शेवटची पायरी असायलाच हवी असं नाही. पण त्यासाठी तिथली नर्स म्हणून नोंदणी लागते. दुसऱ्या पदावर भरलेले तास धरत नाहीत.

अमेरिकेची_वाट
मग एनक्लेक्सच द्या की. मी दिली, पास झाले. व्हिसाच्या रांगेत आहे. रांग जन्माच्या देशावर ठरते, त्यामुळे वर्षं जातात, पण परीक्षा तर हातात आहे.

फाइल_नीट_लावा
कुणी विचारलं नाही तरी लिहितेच, कारण माझं यातच वर्ष गेलं. अनुभवाच्या दाखल्यावर विभागाचं नाव, खाटांची संख्या आणि रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख असू द्या. नुसतं "काम केले" चालत नाही. पासपोर्ट, पदवी आणि नोंदणी, तिन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच हवं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर ते आताच सरळ करा. नोंदणीचं नूतनीकरण चुकवू नका. आणि मूळ कागद कुणाच्याही हातात द्यायचे नाहीत, दाखवून परत पिशवीत.

रात्रपाळी_आयसीयू
मूळ कागद एजन्सीकडे आहेत. पदवी, नोंदणीचा दाखला आणि बारावीची गुणपत्रिका. पासपोर्ट माझ्याकडे आहे. पडताळणीला लागतात म्हणून घेतले, तीन आठवडे झाले.

फाइल_नीट_लावा
पडताळणी मूळ संस्थेकडून होते, तुमचा कागद कुणाच्या कपाटात ठेवून नाही. उद्याच जाऊन आणा. एकट्या जाऊ नका.

थेम्सकाठची
पदाचं नाव अजून लिहिलं नाहीत.

रात्रपाळी_आयसीयू
ब्रेकमध्ये पत्र पुन्हा वाचलं. पहिल्या पानावर "नर्सिंग टीम" आहे. तिसऱ्या पानावर "केअर वर्कर". त्याखाली ऑक्युपेशन कोड ६१३५. तीन वर्षांचा बाँड, आधी सोडलं तर सगळा खर्च परत करायचा, किती ते लिहिलेलं नाही. एजन्सी म्हणाली होती की एक वर्ष केअरमध्ये काम केलं की मालक इंग्रजीचं पत्र देतो, मग अर्धा गुण कमी असला तरी नोंदणी होते. आणि पोरीला सहा महिन्यांनी आणता येईल.

थेम्सकाठची
आता सगळं कळलं. एकेक सांगते, शांतपणे वाचा.
मालकाच्या पत्राची गोष्ट अर्धी खरी आहे. २०२३ पासून एनएमसी तसा पुरावा बघते, पण तो आधीच इथे येऊन वर्षभर काम करत असलेल्यांसाठी. ६१३५ हा केअर वर्करचा कोड. नर्सचे कोड २२३ ने सुरू होतात. ११ मार्च २०२४ पासून नव्याने येणाऱ्या केअर वर्करला नवरा-मुलं आणता येत नाहीत, म्हणजे सहा महिन्यांनी पोरीला आणायचं ते खोटं आहे. आणि २२ जुलै २०२५ पासून या कोडवर परदेशातून नवी भरतीच बंद आहे. तुमच्या हातातल्या पत्रावर व्हिसा मिळायचा रस्ताच नाही. नर्स म्हणून आलात तर मात्र कुटुंब आणता येतं, माझा मुलगा तसाच आलाय.
तुमच्याकडून पैसे मागितले का? इथल्या भरतीच्या नियमांत उमेदवाराकडून शुल्क घेणं बसत नाही. एनएचएस एम्प्लॉयर्स, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेतल्या मालकांची संस्था, तिच्या संकेतस्थळावर हे नियम पाळणाऱ्या एजन्सींची यादी आहे, तीत नाव शोधा.

रात्रपाळी_आयसीयू
पहिला हप्ता दिलाय. यादीत नाव नाही. दुसरा हप्ता सहीच्या दिवशी द्यायचा होता. शुक्रवार का, ते आता कळलं.
मी नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. त्याने ओव्हरटाइम करून जमवले होते.

वाळवंटातली_सिस्टर
ताई, आजच सांगा त्याला. माझ्या मैत्रिणीने लपवलं होतं, पैशापेक्षा तेच जास्त लागलं घरात. पावती आहे ना? मेसेज, कॉलच्या वेळा, सगळं जपून ठेवा. पोलिसात द्यायची वेळ आली तर लागेल.

थेम्सकाठची
आणि तुमचं रायटिंगचं ६ वाया गेलेलं नाही. १२ महिन्यांच्या आतल्या दोन परीक्षांचे गुण एनएमसी एकत्र धरते. पुढच्या वेळी रायटिंगला ६.५ आणा, बाकी तिन्हींत ६.५ च्या खाली जाऊ नका, पुरतं. दोन्हीपैकी कुठल्याही परीक्षेत रायटिंग ६ च्या खाली नसावं, तेही तुमचं बसतंय.

बी_टू_झालेली
किंवा ओईटी द्या. त्यात रेफरलचं पत्र लिहायचं असतं, निबंध नाही. आपल्याला हँडओव्हरची सवय असते.

थेम्सकाठची
आयईएलटीएसच पुन्हा द्यावी. ओईटीला गेलात तर चारही पेपर नव्याने काढावे लागतील. (जर्मनीवाल्या ताईंनी ओईटी सुचवावी याचं नवल वाटलं, पण पत्राचं म्हणणं पटलं.)

रात्रपाळी_आयसीयू
दुपारी नवऱ्याला सांगितलं. बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला चल, कागद आणू. वॉर्डमधली दुसरी सिस्टरही आली. पदवी आणि गुणपत्रिका मिळाली. नोंदणीचा दाखला "मुख्य कार्यालयात आहे" म्हणाले, सोमवारी या. लेखी पोच मागितली तर आधी नाही म्हणाले, आम्ही तिघं तिथेच बसून राहिलो तेव्हा दिली. सही केलेली नाही.
सोमवारी दाखला हातात आला की लिहिते. तोवर रायटिंगसाठी कुणी माझे दोन निबंध तपासून देईल का? रविवारी ऑफ आहे.

फाइल_नीट_लावा
मला पाठवा. रविवारी रात्रीपर्यंत देते.