सुट्टीसाठी विज्ञान कादंबऱ्या आणि फँटसी सुचवा (एक आठवीतली भाची, एक ऐतिहासिक वाचणारी मावशी)

कडकभाकरी
मंडळी, सल्ला हवाय. भाची आठवीची परीक्षा देऊन सुट्टीला आमच्याकडे जुळे सोलापुरात आलीय. सकाळी दहानंतर घराबाहेर पाय ठेवायची सोय नाही, मोबाईलवरून रोज भांडण. 'हॅरी पॉटर आणि परीस'पासून पुढचं सगळं तिने मराठीत संपवलंय आणि आता 'असंच अजून दे' म्हणून मागे लागलीय. इंग्रजी वाचते, पण जाड पुस्तक दिसलं की तिला लगेच भूक लागते.

दुसरी मागणी माझी स्वतःची. मी आजवर ऐतिहासिक कादंबऱ्यांवर वाढले. विज्ञानकथा म्हटलं की डोळ्यांसमोर येतात एक शास्त्रज्ञ आणि त्याचा बावळट मित्र. मित्राने विचारायचं, 'म्हणजे काय रे?', की झाला दोन पानं खुलासा सुरू. तसलं नको. गोष्ट हवी, माणसं हवीत. फँटसीही चालेल, पण नकाशा, वंशावळ आणि शब्दकोश मांडीवर घेऊन वाचावं लागेल असली नको.

हिराचंद नेमचंद वाचनालयात मिळण्यासारखं असेल तर सोन्याहून पिवळं. विकतही घेईन, पण बेताने.

निवृत्तमास्तर
ताई, तुमच्या दोन्ही गरजा एकाच लेखकाकडे भागतील. जयंत नारळीकर. मात्र कादंबरीने सुरुवात करू नका, कथांनी करा. तुम्ही ऐतिहासिक वाचणाऱ्या, तेव्हा 'गंगाधरपंतांचे पानिपत' पहिली. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत पुण्याहून मुंबईला निघतात आणि पोचतात ते भलत्याच मुंबईत. तिथे अजून ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार चालू! पंत टाउन हॉलच्या ग्रंथालयात जाऊन स्वतःच लिहिलेले इतिहासाचे खंड मागवतात आणि एकेक उलटत पानिपतापर्यंत येतात. विश्वासरावांना लागलेली गोळी इथे त्यांच्या कानाला चाटून जाते. तिळाएवढं अंतर. तेवढ्यावर मराठे जिंकतात आणि पुढचा सगळा इतिहास फिरतो.

मी वर्गात ही कथा वाचून दाखवायचो तेव्हा मागच्या बाकावरची मंडळीसुद्धा डबा बंद करून ऐकायची. पुढे आझाद मैदानावर सभा भरलेली असते, व्यासपीठावर अध्यक्षांची खुर्ची रिकामी. पंतांना राहवत नाही. त्या जगातल्या लोकांनी अध्यक्षीय भाषणं ऐकणं केव्हाच सोडून दिलेलं असतं, हे त्यांना ठाऊक नसतं. पुढचं वाचाच. आपल्या गावात सत्कार समारंभांना बसलेल्या कुणालाही ती पानं फार सुख देतात.

याच कथेचं इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात घेतलेलं आहे, ते भाचीला द्या. त्यानंतर 'यक्षांची देणगी' हा संग्रह. जाता जाता सांगतो, 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. आद्याक्षरं उलटी केली की ज. वि. ना.! नावाकडे बघून कुणी गुण देऊ नयेत म्हणून. आणि बक्षीस मिळालं.

भुईकोट
मास्तर, ती कथा एक नंबर आहे, वादच नाही. पण ताईंना नको असलेला तो 'म्हणजे काय रे?'वाला मित्र नारळीकरांच्याच कादंबऱ्यांत मुक्कामाला असतो त्याचं काय? 'वामन परत न आला' घ्या. जमिनीच्या पोटात पुरातन पेटी सापडते, तिच्यातल्या माहितीवरून यंत्रमानव तयार होतो. माणसापेक्षा हुशार झालेल्या यंत्राला आवरायचं कोणी, हा प्रश्न आज रोज पेपरात येतो, त्यांनी तो चाळीस वर्षांपूर्वी मांडला. कल्पनेला सलाम. पण पात्रांची नावं आपसात बदलली तरी मला पत्ता लागला नसता.

माणसं हवी असतील तर सुबोध जावडेकर. 'गुगली' वाचनालयात बघा. लेखक केमिकल इंजिनियर, पण विज्ञान शिकवायला बसत नाहीत. ते विज्ञान घरात शिरल्यावर नवरा-बायकोचं, बाप-मुलाचं काय होतं यात त्यांना रस. 'आकांत' ही त्यांची कादंबरी भोपाळच्या वायुकांडावरची आहे. ती विज्ञान कादंबरी म्हणायची की नाही यावर लोक भांडतात, भांडू दे. ताईंनी वाचावी.

आणि नारायण धारप. लोक त्यांना नुसते भुताखेतांचे लेखक समजतात, पण 'नेनचिम', 'गोग्रामचा चितार' यांत सरळ परग्रह आणि दूरची जगं आहेत. धारपांची माणसं आपली वाटतात. वाड्यातली, चाळीतली, पगार मोजणारी. 'लुचाई' मात्र भाचीच्या हाती देऊ नका. स्टीफन किंगच्या कादंबरीवरून बेतलेली आहे, आणि ती वाचून झाल्यावर रात्री गच्चीवर अंथरूण टाकायला पोरगी तयार होणार नाही.

रात्रपाळी
एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळीला असतो. मागांच्या खडखडाटात कानात काही घालून उपयोग नाही, म्हणून चहाच्या सुट्टीत मोबाईलवर वाचतो. सगळे ज्ञानी लोक जमलेत, मी आपलं एकच सांगतो. ताई, ड्यून वाचा की.

नकाशा आहे, मागे शब्दकोश पण आहे, माहितंय. तिकडं बघायचंच नाही. ज्या गावात नळाला दिवसांआड पाणी येतं आणि पाण्याच्या वेळेवरून लग्नाची तारीख ठरते, त्या गावच्या माणसाला ड्यूनमधला वाळवंटी अराकिस ग्रह समजावून सांगावा लागत नाही. तिथली माणसं अंगातला घाम, श्वासातली वाफ सगळं गाळून परत प्यायचे कपडे घालतात. एक प्रसंग सांगतो. वाळवंटातल्या लोकांचा म्होरक्या स्टिलगार ड्यूकला भेटायला येतो आणि पुढ्यातल्या टेबलावर थुंकतो. ड्यूकची माणसं उसळतात, अपमान केला म्हणून. तेवढ्यात त्यांच्यातलाच एकजण, जो त्या लोकांत राहून आलाय, तो म्हणतो, तुमच्या अंगातलं पाणी आम्हाला दिलंत, आभारी आहोत. आणि तोही थुंकतो. मी तो भाग लागोपाठ परत वाचला. लई भारी. अख्खं जग एका थुंकीत उभं केलंय बे.

1965 चं पुस्तक. वीसहून जास्त प्रकाशकांनी परत पाठवलं होतं. शेवटी छापलं कुणी, तर गाड्या दुरुस्तीची पुस्तकं काढणाऱ्या कंपनीनं. पहिला भाग पुरे. पुढचे वाचले नाही तरी काय बिघडत नाही.

कडकभाकरी
दादा, ते पाण्याचं वाचून मी मोटार लावायला उठले, आज आमच्या भागाचा दिवस होता. ड्यून यादीत घेतलं, जाडी बघून ठरवते.

मास्तर, गंगाधरपंत आजच आणते. भुईकोट, 'आकांत' नक्की. पण भाचीचं अजून काही ठरत नाहीये. तिला जादूची शाळाच हवीय. आणि नायिका असेल तर बरं, 'प्रत्येक वेळी मुलगाच का निवडलेला असतो' असं विचारते. मला उत्तर देता येत नाही.

हुग्गी
ताई, तुमची भाची मला आवडली. तिला अर्सुला ले ग्विनचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' द्या. इंग्रजी आहे, पण दोनशे पानांच्या आत-बाहेरचं, भूक लागायच्या आत संपतं. 1968 चं. म्हणजे पॉटरच्या जवळपास तीस वर्षं आधी जादूगारांची शाळा! गेड नावाचा शेळ्या राखणारा पोरगा शाळेत जातो, तिथे दुसऱ्या पोराशी पैज लावून, निव्वळ तोरा म्हणून, नको ती जादू करतो, आणि एक सावली मोकाट सुटते. व्होल्डेमॉर्टसारखा दुष्ट माणूस यात नाहीच. मुलाच्या पाठीमागे लागलेली गोष्ट त्याने स्वतःच सोडलेली आहे. आठवीतल्या मुलीला हे कळतं, आपण उगाच कमी लेखतो.

नायिका हवी तर लगेच दुसरा भाग, 'द टूम्ब्ज ऑफ अटुआन', 1971 चा. तेनार नावाची मुलगी. लहानपणीच घरातून उचलून तिला थडग्यांची पुजारीण केलेली असते, नावसुद्धा काढून घेतलेलं. ती निवडलेली आहे खरी, पण निवडलं जाणं म्हणजे काय शिक्षा असते ते त्यात दिसतं. अंधारातला भुलभुलैया ती हाताने चाचपत पाठ करते, ती पानं वाचताना मी पंखा लावायचा विसरले होते, मे महिन्यात.

हॉबिटही चालेल. लॉर्ड ऑफ द रिंग्ज मराठीत आलंय, पण ते आत्ताच नको. पहिली शंभर पानं लोक जेवतात आणि वाढदिवस करतात, भाची सोडून देईल आणि मग आयुष्यभर हात लावणार नाही.

पार्कचौक
एवढं परदेशी कशाला? अमीशचं 'मेलुहाचे मृत्युंजय' मराठीत आहे. आपलंच आहे, पोरांना आपली संस्कृती कळते.

हुग्गी
संस्कृती कळावी म्हणून कादंबरी द्यायची तर मग पाठ्यपुस्तक काय वाईट? कल्पना चांगली आहे, मान्य. शिव हा तिबेटमधल्या एका टोळीचा तरुण प्रमुख, देव नव्हे, माणूस. सोमरसालाही एक कारण दिलंय. पण संवाद असे की सगळे जण कालच एमबीए करून आलेत. मी पहिला भाग संपवला, दुसरा अर्ध्यात ठेवला.

भुईकोट
इथे मी पार्कचौकांच्या बाजूने अर्धा बोलतो. वाचायची सवय लागायला ते पुस्तक वाईट नाही. आमच्या गल्लीतली चार पोरं, जी चादरीवरचं लेबलसुद्धा वाचत नव्हती, ती ते वाचून पुढचा भाग मागायला आली. पण 'आपलं म्हणून वाचा' हे कारण मला पटत नाही. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज बघायला आपण जातो ते संस्कृती कळावी म्हणून नाही, मजा येते म्हणून. पुस्तकाचंही तेच.

निवृत्तमास्तर
पुराणांवरची कादंबरी ही फँटसी की नाही, यावर धागा भरकटू नये. भाचीसाठी एक मराठी नाव राहिलंच: भा. रा. भागवत. फास्टर फेणे सगळ्यांना ठाऊक, पण त्यांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला तो काय झोकात! 'चंद्रावर स्वारी' द्या. व्हर्नचं मूळ पुस्तक 1865 चं. त्यात तीन माणसं चंद्राकडे निघतात ती तोफेच्या गोळ्यात बसून, आणि तोफ रोवलेली असते फ्लोरिडात. एकशेचार वर्षांनी अपोलो 11 तीन माणसांना घेऊन फ्लोरिडातूनच उडालं. अर्थात तोफेतून उडवलं असतं तर पहिल्याच धक्क्यात तिघांचा चेंदामेंदा झाला असता, हे भाचीला विचारा. का झाला असता, हे तिच्याकडून ऐका. हा विज्ञानाचा तास नव्हे, ताई, एका निवृत्त माणसाची खोड.

सिद्धेश्वर_एसवन
मुंबईत नोकरी, महिन्यातून एकदा घरी. वाचन सगळं गाडीत.

ताई, तुम्ही ऐतिहासिक वाचता, म्हणून तुम्हाला लिऊ त्सिशिनचं 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम'. चिनी कादंबरी, इंग्रजी अनुवाद 2014 चा, पुढच्या वर्षी ह्यूगो, म्हणजे विज्ञानकथांचा मोठा पुरस्कार, मिळाला. अनुवादित कादंबरीला ह्यूगो मिळायची ती पहिलीच वेळ. परग्रहवासी वगैरे नंतर येतात. सुरुवात 1967 ची, माओच्या चीनमधली सांस्कृतिक क्रांती. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला भरसभेत उभं करून शाळकरी पोरी पट्ट्यांनी मारतात. 'आइन्स्टाइन का शिकवलास' म्हणून. व्यासपीठावरून त्याच्याविरुद्ध बोलते त्याची स्वतःची बायको. आणि गर्दीत उभी राहून मुलगी बघतेय. ही मुलगी, ये वेनजिए, पुढे जे करते त्याने सगळी मानवजात गोत्यात येते, आणि तिचा राग येत नाही. हेच त्या कादंबरीचं यश. चीनमधल्या पुस्तकात हा भाग मध्ये ढकललेला होता, इंग्रजीत तो पुन्हा सुरुवातीला आणला.

मधली दीडशे पानं जड आहेत, एका संगणकी खेळाचं वर्णन येतं. मी दौंड ते पुणे भराभर उलटली.

रात्रपाळी
भाचीला 'प्रोजेक्ट हेल मेरी' पण चालेल, अँडी वीअरचं. शाळेतला विज्ञान शिक्षक अंतराळयानात एकटा जागा होतो, स्वतःचं नावही आठवत नाही. पुढे त्याला रॉकी भेटतो, पाच पायांचा, दगडी कोळ्यासारखा. सुरांमध्ये बोलतो. दोघं एकमेकांची भाषा शिकतात तो भाग वाचताना मी चहा थंड केला. खुलासे भरपूर आहेत, पण सांगणाराच वैतागलेला असल्यामुळं चालून जातात.

कडकभाकरी
सगळ्यांचे आभार. पंत वाचून झाले. रिकामी खुर्ची बघून मी इतकी हसले की यजमान विचारायला आले. 'गुगली' सभासदाकडे गेलंय, नाव लावून ठेवलं. अर्थसी वाचनालयात नव्हतं. शेजारचे काका गुरुवारी हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला चाललेत, अप्पा बळवंत चौकातून आणतो म्हणाले, दोन्ही भाग सांगितलेत. भाचीने तोवर 'चंद्रावर स्वारी' बळकावलंय आणि तोफेचं उत्तर मास्तरांना फोन करून सांगायचं म्हणतेय. मास्तर, इथेच लिहील ती.

ड्यून दुकानात हातात घेऊन बघितलं. दादा, एवढं जाड? पावसाळ्यात बघू.

पार्कचौक
माझाही एक प्रश्न. असिमोव्हची फाउंडेशन मालिका मुलाने आणलीय. काळानुसार लावली तर 'प्रिल्यूड' पहिलं येतं. त्यानेच सुरुवात करू ना?

भुईकोट
अजिबात नको. 'प्रिल्यूड' 1988 चं आहे, मूळ तीन पुस्तकं 1951 ते 53 ची. छापली त्या क्रमाने वाचा. मालिकेतला गणिती हरी सेल्डन, त्याने काय योजून ठेवलंय हे हळूहळू उलगडण्यातच सगळी गंमत आहे, 'प्रिल्यूड'ने सुरुवात केली तर तो आधीच घरचा माणूस होऊन बसतो. पहिलं पुस्तक मुळात मासिकातल्या सुट्या कथा जोडून झालंय, त्यामुळे दर पन्नास-साठ पानांनी माणसं बदलतात. गोंधळू नका, पुढे चला. आणि दुसऱ्यात 'म्यूल' हे पात्र येईपर्यंत मुलाला पुढचं काही सांगू देऊ नका.