मदत हवी आहे: ‘सुरुंग’ म्हणजे नक्की काय? (परवा जेसीबी येतोय)

कंदीपेढा
जाणकारांनी लवकर सांगा. सुरुंग या शब्दाचा अर्थ काय? नेटवर बघितलं तर एकीकडे बोगदा, दुसरीकडे बॉम्ब, तिसरीकडे निवडणुकीच्या बातम्या. थोरले दीर म्हणतात भुयार, धाकटे नुसते हसतात. मला एकच अर्थ हवाय. परवा सकाळी जेसीबी येतोय आणि त्याचं भाडं तासावर आहे.

घाटवाट
शब्द आलाय कुठं? आणि जेसीबीचा काय संबंध?

शब्दकिडा
एकच अर्थ मिळणार नाही ताई, हा शब्द फार फिरून आलाय. मूळ ग्रीक ‘सिरिंक्स’, म्हणजे पोकळ नळी. पॅन नावाचा मेंढपाळांचा देव मागे लागला म्हणून एक अप्सरा वेताची झाली, त्या वेताची त्यानं बासरी केली, तिचं नाव सिरिंक्स. इंजेक्शनची सिरिंज त्याच घरातली. जमिनीतल्या नळीसारख्या वाटेलाही ग्रीक हाच शब्द वापरायचे. संस्कृतात तो ‘सुरुङ्गा’ झाला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे, आणि तिथं अर्थ निव्वळ भुयार, कारण तेव्हा स्फोटाची दारूच नव्हती. पुढं तटाखाली भुयार खणून त्यात दारू भरायला लागले आणि वाटेचं नाव आतल्या दारूला चिकटलं. हिंदीत सुरंग म्हटलं की अजून बोगदा. आपण बोगद्याला बोगदा म्हणतो आणि सुरुंग फक्त उडवतो.

सोवळा_सिद्धांत
सगळं ग्रीकांकडून आलं म्हणायची फॅशनच आहे. सु + रंग, सरळ संस्कृत. शिवाय महाभारतात पांडव लाक्षागृहातून सुरुंगेनंच निसटले. तिथं ग्रीक कुठून आले?

शब्दकिडा
भुयारात कसला चांगला रंग दिसला तुम्हाला? महाभारतात शब्द आहे, मान्य. पण आजची संहिता शेकडो वर्षं वाढत गेली आहे. अलेक्झांडर इ.स.पू. ३२६ मध्ये येऊन गेला, त्यानंतर वायव्येला यवन म्हणजे ग्रीक राजे होते. सगळेच अभ्यासक हे मानतात असं नाही, पण द्रम्म हे नाणं आणि त्यातून ‘दाम’, केंद्र, होरा हे शब्द ग्रीकमधून आलेच ना? पत्रिकेत ‘केंद्रात गुरू’ म्हणताना कुणाला ग्रीक आठवतो?

सोवळा_सिद्धांत
पत्रिकेला हात लावू नका.

किल्लेवेडा
सातारकरांनी हा अर्थ विचारावा म्हणजे कमाल! १३ एप्रिल १७००. औरंगजेबाचा वेढा, अजिंक्यताऱ्याच्या मंगळाई बुरुजाखाली मोगलांनी सुरुंग भरलेले. पहिला उडाला तेव्हा किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्यात गाडले गेले आणि जिवंत निघाले. दुसरा उडाला तो बाहेरच्या अंगाला, तटाखाली चढाईला उभ्या असलेल्या मोगल फौजेवरच. ताई, तुमचा वाडा जुना असेल तर किल्ल्यावर जाणारं भुयार असणारच. आत जाताना कंदील न्या, विझला की मागं फिरा.

हळदपेठ
आमच्या सांगलीत सुरुंग निवडणुकीतच लागतो. ‘बालेकिल्ल्याला सुरुंग’. बालेकिल्ला नसला तरी लागतो.

रानफूल
सुरंगीचे गजरे का? कोकणातून उन्हाळ्याच्या तोंडाला येतात. वाळले तरी वास टिकतो. साताऱ्यात कुठं मिळतात?

कंदीपेढा
गजरे नकोत!! वहीत लिहिलंय म्हणून विचारतेय. आजेसासऱ्यांची खर्चाची वही आहे, त्यात ‘परसातील सुरुंग बुजविला, मजुरी दीड रुपया’. परसातच शौचालयाची टाकी खणायची आहे. भुयार असेल तर माती खचेल, एवढीच भीती.

घाटवाट
हे पहिल्याच ओळीत सांगायचं होतं. साल कुठलं? मागंपुढं काय लिहिलंय? जवळ विहीर आहे का?

कंदीपेढा
साल १९३८. विहीर आहे की, त्यात काय विशेष? वरच्या ओळीही विहिरीच्याच: दारू, वात, पहारींना टोक काढायला लोहाराला चार आणे.

माणदेशी_गडी
ताई, भुयार बियार काय न्हाई. माझ्या बापानं माणात काळ्या पाषाणात विहिरी फोडल्या. पहारीनं भोक पाडायचं, दारू भरायची, वात सोडायची, वरून माती ठासायची. वात पेटवून पळायचं आन् लांब बसून आवाज मोजायचं. धा भरलं तर धा आवाज आलं पायजेत. नऊ आलं तर त्या दिवशी कोण विहिरीजवळ फिरकायचं न्हाई. फुसका गेलेला सुरुंग उकरायचा नसतोय. काही जण तसाच बुजवून टाकायचं. वहीत आकडा बघा, भरलं किती न् उडालं किती.

किल्लेवेडा
दीड रुपयात भुयाराचं तोंडही बुजवता आलं असतं.

माणदेशी_गडी
दादा, तुमी किल्ल्यावरच ऱ्हावा.

शब्दकिडा
ऐंशी वर्षांची ओली दारू बहुतेक मेलेली असेल, पण त्या ‘बहुतेक’वर जेसीबीचा दात मारू नका. पोलीस ठाण्यात कळवा, बॉम्ब शोधक पथक त्यांच्याकडूनच येतं.

कंदीपेढा
मागचं पान काढलं. ‘सुरुंग ७ भरले. ६ वाजले.’ थोरल्या दिरांना दाखवलं, ते वहीपासूनच दोन हात लांब बसलेत. जेसीबीवाल्याला नको म्हणून सांगितलं, तो म्हणतो आगाऊ दिलेले पैसे परत मिळणार नाहीत. सकाळी पोलीस ठाण्यात जातेय, वही बरोबर नेते.
टाकी घराच्या पुढच्या अंगाला घेतली तर पाइपला उतार मिळेल का? वास्तुशास्त्रवाल्यांनी कृपया उत्तर देऊ नये.