क्रीमी ब्लोंड: तुम्ही शेड कशी ठरवलीत? अनुभव सांगा

दोन वर्षं मनात घोळतंय, आता करायचंच असं ठरवलंय. माझे केस गडद तपकिरी, कानशिलांपाशी थोडे पांढरे. मला हवाय मऊ, सायीकडे झुकणारा ब्लोंड. पिवळाधमक नको आणि चंदेरी राखाडीही नको. बघणाऱ्याला आधी चेहरा दिसावा, रंग नंतर. मोबाइलमध्ये चाळीसेक फोटो जमवलेत, पण शेड कार्ड हातात घेतलं की गोंधळ उडतो. ८.३, ९.१, ९.१३, १०.२... यातलं क्रीमी कुठलं? ज्यांनी केलंय त्यांनी मूळ केस कसे होते, किती बैठका लागल्या आणि काय चुकलं ते सविस्तर लिहा. चुका तर नक्की लिहा, मला त्यांचाच जास्त उपयोग होईल.

* * *

आकड्यांपासून सुरुवात करते, कारण मीही तिथेच अडकले होते. टिंबाच्या आधीचा आकडा म्हणजे केस किती गडद किंवा फिके. १ म्हणजे काळा, १० म्हणजे सगळ्यात फिका ब्लोंड. टिंबानंतरचा आकडा छटा सांगतो. बऱ्याच कंपन्यांमध्ये .१ म्हणजे राखेकडे झुकणारी ॲश, .३ म्हणजे सोनेरी. पण प्रत्येक कंपनीचं गणित थोडं वेगळं असतं, म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नका.

माझे केस ४ च्या आसपास होते. रंगवणाऱ्या ताईंनी माझे फोटो बघितले, फोन बाजूला ठेवला आणि मानेजवळची एक बट घेऊन तिच्यावर ब्लीच लावून बघितलं. मी आरशात बघत बसले होते. बट आधी तांबूस झाली, मग नारिंगी, मग पिवळट नारिंगी. माझा चेहरा पडला. त्या म्हणाल्या, हे चुकलेलं नाही, हा वाटेतला रंग आहे. केसातलं काळं-तपकिरी रंगद्रव्य आधी निघतं, तांबडं-पिवळं चिवट असतं, ते शेवटपर्यंत मागे राहतं. गडद केस कुणाचेही असोत, याच वाटेने जातात.

तीन बैठका लागल्या, मध्ये दीड-दोन महिन्यांचं अंतर ठेवून. तिसऱ्या वेळी केस केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखे फिके पिवळे झाले आणि तिथे त्यांनी थांबवलं. आता माझी चूक सांगते. मला पिवळेपणाची इतकी धास्ती होती की मी हट्टाने पूर्ण ॲश टोनर (ब्लीचनंतर छटा बदलायला लावतात तो हलका रंग) लावून घेतला. घरी आले तर चेहरा आजारी दिसायला लागला. केस मातकट, निस्तेज. पंधरा दिवसांनी टोनर उतरला तसा रंग एकदम सुरेख दिसू लागला! पुढच्या वेळी ९ चा बेज घेतला, म्हणजे थोडी ॲश आणि थोडं सोनेरी एकत्र. तेव्हा कळलं की क्रीमीपणा म्हणजे तो मागे राहिलेला हलका पिवळाच. तो सगळा मारला की क्रीम उरत नाही, राख उरते.

* * *

फोटोंबद्दल एवढंच सांगते. मी जो फोटो जिवापाड जपला होता तो मावळतीच्या उन्हात काढलेला होता. तोच रंग सावलीत काढलेल्या दुसऱ्या फोटोत साधा फिका तपकिरी दिसत होता. रंग ठरवताना आणि झाल्यावर बघताना खिडकीशी उभं राहा, दिवसाच्या उजेडात. पिवळ्या दिव्याखाली प्रत्येक ब्लोंड सोनेरीच दिसतो.

* * *

मी घरी केलं, म्हणून लिहिते. केस आधीपासून गडद तपकिरी रंगवलेले होते. बाजारात मिळणारा तयार ब्लोंड रंग आणला आणि मुळापासून टोकापर्यंत लावला. धुतल्यावर मुळाशी दोन बोटं भडक नारिंगी आणि खाली जसाच्या तसा तपकिरी. त्या दिवशी मी खूप रडले.

नंतर कळलं ते असं. डायने आधीचा डाय फिका होत नाही, त्याला ब्लीच किंवा रंग काढायचं औषधच लागतं. नवीन वाढलेला केस मात्र कोरा असतो. शिवाय मुळाशी डोक्याची ऊब असते, म्हणून तिथे रंग भराभर काम करतो. माझ्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकाच वेळी झाल्या. निस्तरायला सहा महिने गेले, खालचे चार इंच कापावे लागले. रंगवलेल्या केसांवर घरी ब्लोंड करू नका, ही कळकळीची विनंती.

* * *

वरच्या अनुभवाला जोडून. मेंदी लावत असाल तर रंगवणाऱ्याला आधी सांगा, लपवू नका. शुद्ध मेंदीचा रंग केसात पक्का बसतो आणि ब्लीचनेही सहजी हलत नाही, नारिंगी अडून राहतो. मेंदीच्या तयार मिश्रणांचा धोका याहून मोठा. काहींमध्ये धातूंचे क्षार असतात आणि ब्लीचमध्ये मिसळतात ते पेरॉक्साइड लागलं की केस तापून तुटू शकतात. माझ्या एका बटेवर चाचणी केली तर फॉइल हाताला गरम लागलं. तिथेच थांबलो. मेंदीचे केस वाढून कापले जाईपर्यंत मी वाट बघितली, दीड वर्ष. एकदाही पस्तावले नाही.

* * *

माझं वय ५४. मी ब्लोंड केलं ते हौसेपेक्षा सुटकेसाठी. पांढरे लपवायला दर तीन आठवड्यांनी गडद रंग लावायचे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे एकविसाव्या दिवशी भांगात पांढरी रेघ उभी. त्या रेघेचा मला मनापासून कंटाळा आला होता.

पांढरे झाकायचे नाहीत, त्यांच्या जोडीला आणखी फिके केस आणायचे, ही कल्पना ऐकली आणि पटली. अगदी बारीक, दोऱ्यासारखे हायलाइट्स घेतले, म्हणजे मधल्या मधल्या बटा तेवढ्या फिक्या केल्या. अधूनमधून मूळ रंगाच्या बटा तशाच राहू दिल्या. मुळाशी टोनर एक पायरी गडद, दोन बोटं खाली ओघळत फिका होत गेलेला. आता पांढरा केस उगवला तर तो त्या घोळक्यातला सगळ्यात फिका केस म्हणून खपून जातो. चार महिन्यांनी जाते, मध्ये एकदा टोनर. इथे कुणी सगळं डोकं एकसारखं ब्लोंड करायचा विचार करत असेल तर थांबा. नैसर्गिक केस कधीच एका रंगाचे नसतात, आणि मऊपणा त्या मधल्या गडद बटांमुळेच येतो. माझ्या मुलीने पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिला फक्त मी ताजीतवानी वाटले, कारण तिला सांगता आलं नाही. मला हेच हवं होतं.

* * *

मी स्वतः केस रंगवण्याचं काम करते, त्यामुळे खुर्चीच्या मागच्या बाजूने लिहिते.

समोरची व्यक्ती क्रीमी म्हणते तेव्हा मी आधी तिच्या भुवया बघते. भुवया गडद आणि केस १० वर, असं झालं की रंग वेगळा ठेवल्यासारखा दिसतो. अशा वेळी ७ किंवा ८ चा बेज जास्त शोभतो आणि केसही वाचतात. मग ओली बट हलक्या हाताने ताणून बघते. ताणली आणि परत आली तर ठीक. रबरासारखी लांबत गेली तर त्या दिवशी ब्लीचचा डबा उघडतच नाही, कितीही आग्रह होवो.

टोनर रंगचक्रावर चालतो. पिवळ्याला जांभळा शमवतो, नारिंगीला निळा. म्हणून केस नारिंगीवर असताना क्रीमी टोनर लावून उपयोग नाही, वरून फक्त मळकट होतं. आधी फिक्या पिवळ्यापर्यंत यावंच लागतं. घाई करायला ४० व्हॉल्यूम, म्हणजे १२ टक्के पेरॉक्साइड वापरा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. २० व्हॉल्यूम, म्हणजे ६ टक्के, वेळ जास्त घेतो पण केस जागेवर राहतात. आणि ४८ तास आधी कानामागे ॲलर्जीची चाचणी, प्रत्येक वेळी. मागच्या वेळी काही झालं नव्हतं म्हणून पुढेही होणार नाही असं नसतं.

* * *

जांभळा शाम्पू: आठवड्यातून एकदा पुरतो. मी उत्साहाने रोज वापरला, केसांची टोकं लव्हेंडर झाली. टोकं जास्त कोरडी असतात, रंग पटकन शोषतात. पोहायला जात असाल तर आधी साध्या पाण्याने केस चिंब करून घ्या. तलावाच्या पाण्यातलं तांबं ब्लोंडवर हिरवी झाक आणतं.

* * *

कुरळ्या केसांसाठी कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. ब्लीचने कुरळेपणा सैल होतो, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या वेळी पुढच्या दोन बटा सरळच झाल्या, पुढे वर्षभर त्या वेगळ्या लोंबत राहिल्या. नंतर बालायाज केलं. केस कोरडे आणि कुरळेच ठेवून, प्रत्येक कुरळ्या बटेचा उजेड पडणारा भाग तेवढा ब्रशने रंगवला. मुळांना हातच लावला नाही. एकूण केसांपैकी तिसरा हिस्साही रंगवला नसेल, पण वळणावळणाला रंग दिसतो म्हणून भरपूर वाटतो.

* * *

धागा मीच काढला होता. सगळ्यांचं वाचलं, काही उत्तरं दोनदा. काल बटेची चाचणी करून आले. पन्नास मिनिटांत माझी बट पिवळट नारिंगीशी अडली आणि तिथून पुढे हलेना. म्हणजे ९ माझ्यासाठी एका-दोन बैठकांचं काम नाही. वर भुवयांबद्दल जे लिहिलंय ते आरशात बघितलं आणि पटलं. आता ७ आणि ८ च्या मधला बेज, बारीक हायलाइट्स, आणि मुळं माझीच.

चाचणीची बट त्यांनी थोडी टोन करून दिली आहे. सकाळी खिडकीशी उभी राहून ती कानशिलावरच्या पांढऱ्या केसांशेजारी धरली. दोन्हींमध्ये फरक आहे, पण भांडण नाही. कानामागच्या चाचणीला आज संध्याकाळी ४८ तास होतील, अजून तरी खाज नाही. परवाची वेळ घेतली आहे. झालं की उजेडातला फोटो टाकते.