मदत हवी आहे : बालरोग एमडीनंतर जेनेटिक्स

कोल्हापुरातले काही निवासी डॉक्टर डीएम मेडिकल जेनेटिक्सची (आनुवंशिक आजारांमधल्या, एमडीनंतरच्या अतिविशेष पदवीची) तयारी करताहेत. कोर्स 3 वर्षांचा. एम्ससाठी आयएनआय-एसएस ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. अभ्यास होईल, पण प्रत्यक्ष काम कुठे शिकायचं? कॅरिओटाइपचं (गुणसूत्रांच्या तपासणीचं) रक्त हेपॅरिनच्या नळीत, डीएनए तपासणीचं ईडीटीएच्या; दोन्ही रक्त साकळू न देणारी द्रव्यं. हेपॅरिनचा नमुना वाटेत थंडीने बर्फासारखा गोठला तर पेशी मरतात, कल्चर (प्रयोगशाळेत पेशी वाढवणं) होत नाही आणि बाळाला पुन्हा सुई! हे पुस्तक वाचून अंगवळणी पडत नाही.

पुण्या-मुंबईत 4 आठवडे ओपीडी, वंशावळ काढणं आणि समुपदेशन बघू देणारा विभाग कुणाला माहीत आहे का? त्यासाठी आपल्या कॉलेजचं पत्र विभागप्रमुखांचं चालतं की अधिष्ठात्यांचंच लागतं? जिल्हा निवासी कार्यक्रमाचे (एमडी करताना जिल्हा रुग्णालयात सक्तीने काम करायचे) 3 महिने सांभाळून हे कुठल्या सत्रात बसवावं? तुमच्या कॉलेजच्या पदव्युत्तर समितीत निवासी डॉक्टरांचा प्रतिनिधी बसत असेल, तर त्याने ही मागणी कशी मांडली तेही कृपया सांगा.