'फिगरेटिव्ह' (ओळखू येणाऱ्या वस्तूंची) आणि 'अ‍ॅबस्ट्रॅक्ट' (अमूर्त) यांच्या मधल्या चित्रांना मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : प्रदर्शनाच्या पत्रकाचा मराठी मजकूर करतोय. चित्रं जंगल-नदीची. झाड म्हटलं तर झाड, नाहीतर नुसते रंगाचे पट्टे. हाती आलेल्या मसुद्यात 'फिगरेटिव्ह'साठी 'लाक्षणिक चित्रकला' आहे, ते खटकतंय. 'निराकार' चालेल?

– 'लाक्षणिक' आधी काढा! ती भाषेतली लक्षणा (शब्दाचा सरळ अर्थ सोडून दुसरा घेणं), चित्राशी संबंध नाही. 'आकृतिप्रधान' रूढ आहे, पण ते ऐकून माणसांची चित्रं डोळ्यांसमोर येतात. तुमच्यासाठी 'मूर्त' बरा. मूर्च्छ् धातूचा एक अर्थ थिजणे, घट्ट होणे. त्यावरून 'मूर्त'.

– 'निराकार' नको. कॅनव्हासवर आकार असतोच, तो कशाचा ते सांगता येत नाही एवढंच. चित्रकार वासुदेव गायतोंडे तर 'अ‍ॅबस्ट्रॅक्ट'ही नाकारत, आपल्या चित्रांना 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' (कुठल्याच वस्तूचं चित्रण नसलेली) म्हणत. त्याला 'अप्रतिरूप' हा नेमका शब्द आहे. पण तुमच्या चित्रांत झाड दिसतंय, म्हणजे तोही बाद.

– 'अर्धअमूर्त' छापलेला दिसतो. मला तो काम अर्धवट टाकल्यासारखा वाटतो. 'मूर्तामूर्त' घ्या. बाकी चित्रकार आपसात 'सेमी-अ‍ॅबस्ट्रॅक्ट'च म्हणतात, हे वेगळं.

– 'मूर्तामूर्त' चांगला, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात. चित्रकार प्रभाकर बरव्यांच्या चित्रात पान हे पान असतं, घड्याळ हे घड्याळ. अमूर्त असतो तो त्यांच्याभोवतीचा अवकाश. चित्रकार सय्यद हैदर रझांचं उलट. मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातल्या जंगलात बालपण, पुढे नागपूर, मुंबईचं जे.जे. कला महाविद्यालय, 1950 मध्ये पॅरिस. सत्तरच्या दशकातली चित्रं बघा : काळ्या-तपकिरीत मधूनच पेटलेला लाल-केशरी. रात्रीचं रान आहे हे कळतं, पण बोट ठेवावं असं एकही झाड नाही. तिथे वस्तूच रंगात विरघळलेली. पुढे तर बिंदू आणि पंचतत्त्वं. तुमची चित्रं यातल्या कुठल्या बाजूची, ते पत्रकात एका वाक्यात लिहा. नुसत्या विशेषणावर सोडू नका.

प्रश्नकर्ता : रझांच्या बाजूची. मग 'पर्यावरणीय व आध्यात्मिक आशय' हे पुढचं वाक्य ठेवू?

– 'पर्यावरणीय' म्हटलं की प्रदूषणाची पोस्टरं आठवतात. 'आध्यात्मिक' तर हल्ली प्रत्येक पत्रकात असतो. नदी कुठली, जंगल कुठलं, ते लिहा की सरळ.